अवशेष 'आले' नव्हते, पळवले होते!

फ्रान्समधल्या कोंक गावाच्या मठावरचा लेख छान, पण तिथे संत फ्वा या ख्रिस्ती हुतात्मा मुलीचे अवशेष 'आले' असं म्हणणं फारच सौम्य झालं. चक्क चोरी होती ती! मठातलीच कथा सांगते की ८६६ च्या सुमारास कोंकचा एक भिक्षू अवशेष जिथे होते त्या आजाँ शहरातल्या चर्चमध्ये जाऊन राहिला, वर्षानुवर्षं विश्वास कमावला आणि संधी साधून अस्थी घेऊन पसार. लाजणं दूरच, मठाने हे मिरवलं. म्हणे संतिणीचीच इच्छा! पुढे स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राला निघालेले यात्रेकरूही इथे थांबू लागले. कोंकच्या चर्चच्या दारावरच्या अंतिम न्यायाच्या (जगाच्या अंती देव करतो त्या निवाड्याच्या) शिल्पात कडेच्या पट्टीआडून डोकावणारे चिमुकले चेहरे जरूर शोधा, नुसते डोळे, नाक नि पट्टी धरलेली बोटं. चर्चच्या खिडक्यांच्या, फ्रेंच चित्रकार सुलाजच्या १९९४ च्या बिनरंगी काचा मात्र मला अजून पटलेल्या नाहीत.