‘शोले’च्या रिमेकविषयीचा खुलासा

‘शोले’ला 50 वर्षे झाल्याने त्यावरील हक्क संपले असून आता कोणीही परवानगीविना त्याचा रिमेक करू शकतो, असा संदेश फिरत आहे, तो चुकीचा आहे. प्रताधिकार कायदा, 1957 च्या कलम 26 नुसार चित्रपटाचे संरक्षण प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षे चालते, म्हणजे 15 ऑगस्ट 1975 रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’चे 2035 अखेरपर्यंत. 2007 साली आलेल्या ‘राम गोपाल वर्मा की आग’ या चित्रपटाने ‘शोले’च्या हक्कांचा भंग केल्याचे ठरवून दिल्ली उच्च न्यायालयाने 2015 मध्ये 10 लाख रुपयांची दंडात्मक भरपाई आकारली होती, हे होतकरू दिग्दर्शकांनी तरी आवर्जून लक्षात घ्यावे. नव्या पिढीसाठी ही कथा पुन्हा जरूर सांगितली जावी, पण रीतसर परवानगी घेऊनच. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.