बग थेट मूळ डेव्हलपरना? आधी प्रत कुणाची ते बघा

गोव्यातल्या डिचोली-फोंड्याकडच्या शाळांत संगणक शिकवणारी मंडळी सध्या एक सल्ला एकमेकांना पाठवताहेत: 'ओपन सोर्स (खुल्या कोडचं) सॉफ्टवेअर कुठूनही घ्या, आतला कोड एकच. बग (दोष) सापडला तर डिस्ट्रोवाल्यांच्या (तयार लिनक्स बांधून देणाऱ्यांच्या) नादी लागू नका, ते ऐकत नाहीत. थेट मूळ डेव्हलपरना कळवा, लगेच दुरुस्त होईल.' हेतू चांगला, पण सल्ला चुकीचा आहे.

कोड एकच नसतो. डेबियन, उबुंटू, रेड हॅट असे डिस्ट्रोवाले मूळ कोडला आपापले पॅच, म्हणजे छोटे बदल, लावतात. २००६ साली डेबियनने आपल्या ओपनएसएसएल (सुरक्षित संपर्कासाठीचं सॉफ्टवेअर) पॅकेजमधून, एका तपासणी साधनाने इशारा दिला म्हणून, काही ओळी काढल्या. त्यानंतर सुरक्षेच्या किल्ल्या बनवताना अंदाज न येण्यासारखं काही उरलं असेल तर ते प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) क्रमांक, आणि तो साधारण ३२,७६८ च्या आतलाच. हे मे २००८ मध्ये उघड झालं. तोवर डेबियन-उबुंटूवर बनलेल्या असंख्य किल्ल्या कुणालाही शोधून काढता येण्याजोग्या होत्या. मूळ ओपनएसएसएलमध्ये हा दोष नव्हताच. तिथे तक्रार केली असती तर तपासणाऱ्याला तो दिसलाही नसता.

'लगेच दुरुस्त होईल' याचंही तसंच. दुरुस्ती मूळ प्रकल्पाच्या नव्या आवृत्तीत होते. लॅबमध्ये डेबियन स्टेबल (डेबियनची स्थिर आवृत्ती) असेल तर तिथली आवृत्ती गोठवलेली असते. दुरुस्ती तिच्यात बसवायची की नाही हे पॅकेजचा मेंटेनर, म्हणजे डिस्ट्रोत ते सांभाळणारा, ठरवतो. म्हणून त्याला कळलं पाहिजे. डेबियनवर 'रिपोर्टबग' आणि उबुंटूवर 'उबुंटू-बग' ही साधनं त्यासाठीच आहेत, आणि आवृत्तीची माहिती ती स्वतःच जोडतात. दोष मूळचा निघाला तर मेंटेनर तो वर, म्हणजे मूळ डेव्हलपरपर्यंत, पोचवतो.

'ऐकत नाहीत' ही तक्रार मात्र काही वेळा खरी असते, विशेषतः सॉफ्टवेअरची आपली बदललेली प्रत देणाऱ्या फोन बनवणाऱ्यांबद्दल. तरीही बदललेल्या प्रतीचा बग तसाच वर ढकलू नये. तो मूळ, न बदललेल्या आवृत्तीवर पुन्हा घडवून बघा. लिनक्स कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) मंडळी हेच मागतात: ताजा, पॅच न लावलेला कर्नल, आणि बाहेरचे मॉड्यूल (जोडलेले भाग) काढलेले. तिथेही घडला, तर थेट मूळ डेव्हलपरना कळवायला काहीच हरकत नाही. फक्त कोणत्या आवृत्तीवर आणि काय केल्यावर घडतो ते लिहा. दोष सुरक्षेचा असेल तर कुठेही कळवा, पण खाजगीत.