‘यूपीआयने दिले की पैसे सुरक्षित’: फिरत्या संदेशाला उत्तर

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत, होडीवाल्यांच्या आणि जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा मतलब असा: ऑनलाइन लिलावात बोली लागली की कार्ड वापरू नका, नंबर चोरीला जातो. पैसे यूपीआयनेच द्या. समोरच्याचं खरं नाव दिसतं, बँकेत नोंद राहते, आणि फसवणूक झालीच तर तीन दिवसांत तक्रार करा, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पूर्ण रक्कम परत मिळते. तरीही शंका असेल तर आधी थोडं टोकन देऊन बघा.

संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण त्यावर विसंबून कुणी जुनं आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे बसवायचं इंजिन, घ्यायला गेला, तर अख्ख्या हंगामाची कमाई बुडू शकते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मशीन बदलायचं ते याच दोन महिन्यांत, आणि घाईही तेव्हाच होते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘नाव दिसतं, म्हणजे माणूस खरा.’ आमच्याकडे मालवणात हेच ऐकू येतं, “नाव दिसता मां, मगे भियाचा कशाक?” दिसतं ते बँकखात्याच्या मालकाचं नाव, आणि ते बहुतेक वेळा खरंच असतं. ते खातं आज कुणाच्या हातात आहे, हे मात्र त्यावरून कळत नाही. चार पैशांसाठी आपलं खातं, सिम आणि डेबिट कार्ड दुसऱ्याला वापरायला देणारे लोक आहेत; पोलिसांच्या भाषेत ती ‘म्यूल’ खाती. फसवणुकीचा पैसा आधी अशाच खात्यात जातो आणि काही मिनिटांत पुढे चार ठिकाणी वाटला जातो. शिवाय नाव खरं असलं तरी त्या माणसाकडे मशीन आहे की नुसता मशीनचा फोटो आहे, हे नाव कसं सांगणार? विक्रेत्याने सांगितलेलं नाव आणि पडद्यावरचं नाव वेगळं निघालं तर तिथेच थांबायचं, एवढाच त्याचा उपयोग.

आता तीन दिवसांची गोष्ट. सगळ्यात जास्त नुकसान हाच मुद्दा करतो, कारण तो अर्धा खरा आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले, त्यात तुमचा निष्काळजीपणा नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत तुम्ही बँकेला कळवलं, तर तुमच्यावर भुर्दंड नाही, असं त्यात म्हटलं आहे. ‘परवानगीशिवाय’ हा शब्द संदेशातून गळून पडला आहे. लिलावाच्या फसवणुकीत पैसे तुम्ही स्वतः पाठवता. आयडी तुम्ही टाकता, रक्कम तुम्ही भरता, पिन तुम्ही देता. बँकेच्या लेखी तो व्यवहार तुम्हीच मंजूर केलेला आहे. समोरचा खोटं बोलला म्हणून तो ‘परवानगीशिवाय’ ठरत नाही. माणसाने माणसाला यूपीआयने पाठवलेली रक्कम त्याच क्षणी समोरच्या खात्यात पोचते, आणि बँक ती आपल्या अधिकारात ओढून आणू शकत नाही. नोंद राहते हे खरं. पैसे कुठे गेले ते नोंद दाखवते. ते परत आणायला तक्रार आणि पोलिस लागतात, आणि तोवर खात्यात काही उरलेलं असावं लागतं.

मग कार्डाचं काय? नंबर चोरीला जातो ही भीती अगदीच निराधार नाही, पण ती जुन्या काळातली आहे. आपल्याकडच्या ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार साइटला तुमचा कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही. त्या जागी ‘टोकन क्रमांक’, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी वापरायचा सांकेतिक आकडा असतो (संदेशातल्या टोकन रकमेशी त्याचा संबंध नाही). कार्डाचा खरा फायदा याच्याही पुढचा आहे आणि आपल्या लोकांना तो कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कार्डाने दुकानाला दिलेल्या पैशांवर वाद घालता येतो. वस्तू आलीच नाही, किंवा वर्णनाप्रमाणे नाही, तर आपल्या बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे दिलेली रक्कम परत, मागायचा. मग विक्रेत्याच्या बाजूला वस्तू पोचवल्याचा पुरावा द्यावा लागतो. मुदत साधारण १२० दिवसांची असते, तरी बँक आपली आतली मुदत कमी ठेवू शकते, म्हणून पार्सलची तारीख टळली की लगेच अर्ज करावा. डेबिट कार्डावरही हा मार्ग असतो, पण तिथे तुमचे स्वतःचे पैसे आधीच गेलेले असतात. क्रेडिट कार्डावर वाद चालू असताना बिल भरायच्या आधी बोलायला वाव मिळतो.

यालाही मर्यादा आहेत. चार्जबॅक दुकानाविरुद्ध असतो. विक्रेत्याने लिंक पाठवली आणि त्या लिंकवर तुम्ही कार्डाने कुणाचं तरी वॉलेट भरलंत, तर वॉलेट भरून मिळालं, म्हणजे ‘सेवा’ पुरी झाली. वाद घालायला काही उरत नाही. यूपीआयलाही दुसरी बाजू आहे: नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या रकमेबाबत माल न मिळाल्याची तक्रार ॲपमधून करता येते. तेव्हा यूपीआय वाईट आणि कार्ड चांगलं असा हा हिशेब नाही. पैसे दिल्यानंतर ते परत फिरवू शकेल असा कुणी तुमच्या आणि विक्रेत्याच्या मधे आहे का, एवढंच बघायचं.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो तेव्हा असा कुणी लागत नाही, कारण माल समोर वाळूवर पडलेला असतो आणि पुकारणारा ओळखीचा असतो. ऑनलाइन लिलावात दोन्ही नसतं, म्हणून तिथे मधला माणूस लागतो. ही कल्पना काही नवी नाही. ईबे इंडिया या खरेदी-लिलावाच्या साइटवर ‘पैसापे’ ही पैसे भरायची सोय होती, त्यात खरेदीदाराचे पैसे विक्रेत्याच्या हाती लगेच पडत नसत. ती साइट १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झाली. आज ग्रुपवर चालणाऱ्या बोलींमध्ये पैसे धरून ठेवणारं कुणीच नसतं. म्हणून लिलावाच्या साइटवर स्वतःची पैसे भरायची सोय असेल तर तीच वापरा. “साइटचं कमिशन वाचवू, थेट मला पाठवा, हजार कमी करतो” असं विक्रेता म्हणाला, तर त्या हजारात तुमचं सगळं संरक्षण तो विकत घेतो. बोलणंही साइटवरच ठेवा. उद्या वाद झाला तर तेच कामाला येतं. परदेशातून काही घेताना पेपल (ऑनलाइन पैसे देण्याची सेवा) असेल तर वस्तूची खरेदी म्हणूनच पैसे द्या. ‘मित्र आणि कुटुंब’ या पर्यायाने पाठवले की खरेदीदाराचं संरक्षण लागू होत नाही.

‘थोडं टोकन देऊन बघा.’ मला सगळ्यात जास्त चीड या सल्ल्याची येते. आपल्याकडे विसार द्यायची रीत आहे, पण विसार देतो तो वस्तू बघून, माणूस बघून. इथे २ हजारांचं टोकन गेलं की मग वाहतुकीचे पैसे, मग विम्याचे, मग ‘गेटपास’चे. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. नाण्यांच्या बाबतीत तर ‘रिझर्व्ह बँकेची फी’ सुद्धा मागतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि आपण त्यासाठी कसलीही फी घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे.

टपालाची व्ही.पी. (पार्सल सोडवताना पैसे) किंवा घरपोच आल्यावर पैसे, हा पर्याय काही जण सुचवतात. पण पैसे देऊनच पार्सल उघडायचं असेल, तर आत काय आहे ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. उघडून बघायची सोय असेल तरच तो उपयोगाचा.

बँकांनी जप्त केलेल्या घर-जमिनींच्या लिलावाला मात्र हे सगळं लागू नाही. तिथे अनामत रक्कम आधी भरावीच लागते, बोली लागली की २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजी दिवशी, आणि उरलेली रक्कम साधारण विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. फक्त खातं बँकेचंच हवं, तेच जे वर्तमानपत्रातल्या नोटिशीत छापलं आहे. एजंटाच्या नावावर एक रुपयाही नको. एनईएफटी-आरटीजीएस करतानाही आता खातेदाराचं नाव दाखवायची सोय आहे. ते बघून मगच पुढे जा.

आणि मशीन घेणाऱ्यांसाठी: ग्रुपवरच्या बोलीत विक्रेता कुडाळचा असो वा अलिबागचा, मेकॅनिक घेऊन जा, मशीन पाण्यात चालवून बघा, बिल आणि मशीनचा नंबर ताडा. पैसे तिथे उभं राहून द्या, मग यूपीआयने दिले तरी हरकत नाही.

पैसे गेलेच असतील तर ग्रुपवर विचारत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन करा. पुढच्या खात्यांत रक्कम अजून असेल तर ती गोठवता येते, आणि तास उलटत गेले की ती संधीही जाते. फोन करण्याआधी व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा संदर्भ क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी कागदावर लिहून ठेवा. पोलिस ठाणं आणि बँकेची शाखा त्यानंतर.