पांढरा रस्सा आणि 'नाइस'

रविवारी दुपारी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि सवयीनं बोलून गेलो, "नाइस!"

कोल्हापुरात जन्म काढून मटणाच्या ताटावर हा शब्द तोंडात येतोच कसा, हा प्रश्न रास्त आहे. हापिसातल्या मोबाइलवर कुणाच्या बारशापासून बदलीपर्यंत सगळ्याला 'नाइस' टाकून बोटाला वळण पडलं, तेच जिभेला लागलं.

थोरली इंग्रजीत एम.ए. करते. ती म्हणाली, "बाबा, अर्थ म्हायताय? मी सांगतो की. मूळ लॅटिन 'नेस्कियस'. 'ने' म्हणजे नाही, 'स्कीरे' म्हणजे जाणणं. १३०० च्या सुमारास फ्रेंचातनं इंग्रजीत आला, तेव्हा नाइस म्हणजे चक्क खुळा!"

'सायन्स'सुद्धा त्याच 'स्कीरे'चं पोर. एक भाऊ शास्त्रज्ञ, दुसरा बिनडोक; आमच्या भावकीतही असंच आहे.

बायकोनं पळी खाली ठेवली. सकाळी सातपासनं आळणी, खोबऱ्याचं दूध, खसखस असा तिचा कारखाना चालला होता. "म्हंजे माझा रस्सा खुळा?"

"अगं, नंतर बदलला की! खुळ्याचा चोखंदळ झाला, मग काटेकोर, आणि अठराव्या शतकात छान."

"पाचशे वर्षं लागली नव्हं? मग तवर थांबा जेवायचं."

धाकटा मदतीला आला. "आई, आपण 'नाद खुळा' म्हणतोच की. त्यातपण खुळाच हाय."

"ते येगळं."

कसं वेगळं, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मला गप्प बसवलं नाही. थोरलीनंच मागं सांगितलेलं आठवलं: 'सिली' म्हणजे जुन्या इंग्रजीत सुखी, भाग्यवान. तो शब्द उलटा घसरत येड्यापर्यंत आला. आपल्या 'लई शहाणा हाईस'सारखाच. मी मोठ्या प्रेमानं म्हणालो, "तू खरी सिली आहेस बघ. जुन्या अर्थानं."

तांबड्याचं पातेलं माझ्यासमोरनं उचललं गेलं.

मग बऱ्याच विनवण्यांनंतर अर्धी वाटी आली, वर तवंगाचा थेंब नाही. "कसा झालाय?" तिघांचे डोळे माझ्यावर. आवंढा गिळून म्हणालो, "काटा किर्र!"

थोरलीनं तोंड उघडलं, "बाबा, 'किर्र'चं मूळ..."

ताटातली एकुलती एक नळी मी तिच्या वाटीत टाकली.