मागच्या गेटाने

मागच्या रविवारी कुडाळात माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं आणि त्या लग्नात मी मागच्या गेटाने शिरलो. घरचा माणूस, मुलीचा काका, अंगात इस्त्रीचा झब्बा, हातात आहेराचं पाकीट, आणि प्रवेश कांदे-बटाट्यांबरोबर. चार दिवस झाले तरी घास घेताना मध्येच आठवतं आणि घास अडतो.

कारण एवढंच की माझ्याकडे कार नाही, व्हॅन आहे. पांढरी. सरकता दरवाजा, चौकोनी तोंड, आणि पाठीमागून बघितली तर फ्रीज आडवा घातल्यासारखी.

आम्ही मालवणहून चौके-धामापूर मार्गे तासाभरात पोचलो. कार्यालयाच्या पुढच्या गेटावर फुलांची कमान, तिच्याखाली एक गृहस्थ. खाकी शर्टाची बटणं पार गळ्यापर्यंत लावलेली आणि निळ्या दोरीत अडकवलेली शिट्टी दातात. शिट्टी तो बोलतानासुद्धा काढत नसे, त्यामुळे प्रत्येक 'स'ला ती वाजायची. पुढचा सगळा संवाद वाचताना ही शिट्टी तुमची तुम्ही घालून घ्या.

"रवा, रवा, रवा! खय चाललास?"

"लग्नाला."

"सामान मागसून जाता."

"सामान नाही हो, माणसं आहेत."

तो वाकला. खिडकीतून आत बघितलं. मागच्या सीटवर आई आणि आमच्या सौ. दोघींच्या साड्या हिरव्या. ठरवून नव्हे, पण झालं होतं खरं तसं. त्याने एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा हिच्याकडे, आणि माझ्याकडे वळून समजूतदारपणे म्हणाला, "वाढपी काय?"

गाडीत शांतता पसरली. सौ.ची पैठणी होती. भिशीच्या पैशांतून घेतलेली.

"वाढपी पैठणी नेसतात?" मी विचारलं.

"आताशी नेसतत. सगळ्यांचो कलर एक. युनिफॉर्म."

मी वर्गात गणित शिकवतो आणि शाळेत प्रमाण मराठीच बोलतो, पण राग डोक्यात गेला की मालवणीवर येतो. "ओ, माझ्या भावाच्या चेडवाचा लगीन आसा. ही नंबरप्लेट बघा. पांढरी आसा. भाड्याची गाडी असती तर पिवळी असती."

"मी नंबर बघणंय नाय," तो शांतपणे म्हणाला. "मी आकार बघतंय."

आता याला काय उत्तर आहे? मी मोबाईल काढला, गाडीचं आरसी बुक उघडलं आणि वाहनाचा वर्ग जिथे लिहिलेला असतो तिथे बोट ठेवलं. मोटर कार. सरकारी कागदावर, छापील. सरकारच्या लेखी माझी व्हॅन आणि मंत्र्याची गाडी एकाच जातीच्या. त्याने मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, उलटा करून पाठ बघितली.

"चष्मो घराक रवलो."

"मग माझ्यावर विश्वास ठेवा."

"तुमच्यार आसा हो इश्वास. गाडयेर नाय." आणि मग त्याने मला हिशोब समजावला. मी गणिताचा मास्तर, पण असा हिशोब मला आजवर कुणी घातला नव्हता. "सकाळधरना अशे नऊ डबे इले. नवय जण म्हणाले, आमी पावणे. आठांच्या पोटातसून भाताचे टोप भायर पडले."

"आणि नववा?"

"नववे तुमी. उघडा डिकी."

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. आदल्या रात्री मावसभावाचा, दिन्याचा, फोन आला होता. "गाडी तुझी मोठी म्हणान सांगतंय हां. आमच्या घराकडसून दोन टोप घे, आणि परसातली केळीची पाना काढून ठेवलंय, ती पण घाल." मी डिकी उघडली. पितळेचे दोन टोप, एकात एक. दोनशे केळीची पानं, पोत्यात गुंडाळून. आणि वर कोणी कधी ठेवला देव जाणे, एक लांब दांड्याचा झारा.

तो झाऱ्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिलो.

"ह्यां काय मगे?" शिट्टी वाजली नाही, 'स' नव्हता.

एवढ्यात मागे हॉर्न. काळी, ट्रकच्या उंचीची एसयूव्ही. आत दोन माणसं आणि एक नारळाची पिशवी. आमच्या गृहस्थांनी तिला हात कपाळाला लावून सलाम ठोकला आणि मला बाजूला घ्यायची खूण केली. आई म्हणाली, "झिला, मागसून तर मागसून, पण चल. माका आत जावचा आसा." मग गेटाकडे बघून हळूच, "शिरा पडो तेच्या तोंडार." सौ. मात्र तिथेच उतरली. पैठणी सावरत, मान ताठ ठेवून, कमानीखालून एकटी चालत आत गेली. तिला कोणी अडवलं नाही. गाडीच्या बाहेर आल्याबरोबर ती पाहुणी झाली होती.

लोक विचारतात, मग घेतलीसच कशाला? त्यांना मी आमची पाणंद दाखवतो. घराकडे उतरणारी वाट सहा फूट दोन इंच. मी मोजलीय. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, त्यांवर शेवाळ, वर निवडुंग. व्हॅनची रुंदी १४७५ मिलिमीटर, म्हणजे पाच फुटांना थोडी कमी. दोन्हीकडे आठ-आठ इंच उरतात. आठ इंचांत कुठल्याही गाडीचा दरवाजा उघडला तर बाहेर पडेल ते फार तर मांजर. सरकत्या दरवाजाला गडग्याशी काही देणंघेणं नसतं. पायरीसमोर थांबायचं, दार मागे सरकवायचं, आई अंग चोरून, गडग्याला पाठ घासत थेट पायरीवर. पुढचे दोन दरवाजे मात्र चारचौघींसारखेच उघडणारे, त्यामुळे सगळे उतरतात आणि मी तेवढा आत राहतो. खाली अंगणापर्यंत गाडी न्यायची तेव्हा माझी सुटका.

गेल्या चतुर्थीला मुंबईहून चुलतभाऊ नवी एसयूव्ही घेऊन आला. रात्रभर महामार्गावरचे खड्डे आणि डायव्हर्जन खाऊन आलेला माणूस, त्यात आमची पाणंद. आरसे मिटून त्याने गाडी आत घातली. गाडी मावली. दरवाजे मावले नाहीत. अखेर बायको, दोन पोरं आणि तो स्वतः डिकीतून एकेक करून बाहेर पडले, आणि वाडीतल्या बायका गडग्यावर हनुवट्या टेकवून बघत होत्या. संध्याकाळी चित्रशाळेतून गणपती आणायचा तर तो म्हणाला, "तुझीच काढूया. माझी आता नको." देवाला माझी गाडी चालली. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर त्याच तोंडाने मला म्हणाला, "अरे, एखादी बरी गाडी घे आता. चांगली परमनंट नोकरी आहे तुझी."

आईच्या गुडघ्यांचं तर वेगळंच. कारमध्ये तिला आधी खड्ड्यात उतरल्यासारखं बसवायचं, आणि उतरवताना विहिरीतून कळशी ओढावी तसं ओढायचं. व्हॅनची सीट कमरेइतकी. मागे सरकलं की बसलं.

तोटे आहेत. नाहीत असं मी म्हणणार नाही. या जातीच्या गाड्यांचं इंजिन चालकाच्या बुडाखाली असतं. मे महिन्यात कणकवलीपर्यंत जाऊन या, तांदळाची भाकरी चुलीवर कशी फुगते ते आतून कळतं. मेकॅनिकला इंजिन बघायचं असेल तर आधी मला उठावं लागतं. आणि शाळेतली पोरं. हिंदी सिनेमात माणसं पळवायला जी गाडी यायची ती ओम्नी, १९८४ साली मारुतीने आणलेल्या व्हॅनचंच पुढचं नाव. ती २०१९ साली बंद झाली, पण पोरांच्या डोक्यातून गेली नाही. मी दार सरकवलं की आठवीतला एक कार्टा रोज ओरडतो, "वाचवा!"

व्हॅनला इज्जत द्यायचा प्रयत्न या देशात झाला नाही असंही नाही. २००१ साली मारुतीने व्हर्सा नावाची व्हॅन आणली तेव्हा जाहिरातीत खुद्द अमिताभ आणि अभिषेक बच्चन होते. दोन बच्चन! लोकांनी जाहिरात बघितली, टाळ्या दिल्या आणि गाडी घेतली नाही. मग २०१० साली साधारण तोच सांगाडा, वरचा साज उतरवून, स्वस्तात ईको म्हणून आला, आणि २०२३ पर्यंत दहा लाखांवर खपला. म्हणजे बच्चनबरोबर पुढच्या गेटाने आली तेव्हा कुणी विचारलं नाही. मागच्या गेटाने आल्यावर सगळ्यांना हवी. तोंडावर मात्र कुणी म्हणणार नाही.

आमच्या वाडीत तर ती माझी आहे हेच लोक विसरलेत. एप्रिलपासून आंब्याच्या पाच डझनी पेट्या. त्याच सुमारास काजूबिया. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, बुवा, पखवाज, पेटी, टाळांची पिशवी आणि कोरसातले आठ जण, ज्यांतले दोन पखवाजावर बसतात आणि बुवांच्या शिव्या खातात. सिलिंडर. शेजाऱ्यांची शेळी, एकदाच, पण वास जूनपर्यंत होता. उतरताना प्रत्येक जण खिशात हात घालून म्हणतो, "पेट्रोलाचे किती झाले?" मी म्हणतो, "राहूदे हो." आणि हात खिशातच राहतो. तो बाहेर आलेला मी अजून बघितला नाही. हे गमतीने लिहितोय, पण गंमत नाही ही. महिनाअखेरीला पंपावर उभा असतो तेव्हा मला कोरसातला एकेक चेहरा दिसतो.

एकदाच एकाने प्रामाणिक चौकशी केली. शेजारचे तात्या संध्याकाळी आले, मागचं दार वर केलं आणि आत बराच वेळ बघत उभे राहिले.

"मागची सीट निघता मा?"

"निघते की."

"माणूस आडवो मावता? पाय दुमडूचे लागनत नाय मा?"

त्यांच्या भावाला दोन वर्षांपूर्वी गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात नेला होता, कुणाच्या तरी कारमधून, मागच्या सीटवर मुडपून. तो परत आला नाही. "माका दुमडू नको हां," तात्या म्हणाले, आणि दार लावून घरी गेले. मी काय बोलायचं ते बोललो, तात्या, भलतंच काय. रात्री टॉर्च आणि टेप घेऊन मोजलं. तात्या मावतात.

तर मागचं गेट. आत चुलाणं पेटलेली, फोडणीच्या धुराने डोळे चुरचुरत होते. आईला एका वाढपी बाईने हाताला धरून आत नेलं. मी गाडी लावतो न लावतो तोच मुख्य आचारी आला, टोप बघितले, पानं मोजायला लावली आणि माझ्या झब्ब्याकडे दुर्लक्ष करून म्हणाला, "बर्फवाल्यान फसवलो. दोन लादये घेऊन येवा बगू पटकन. गाडी हयसरच आसा मा?"

मी सांगू शकलो असतो. मी मुलीचा काका आहे, मला मंडपात जायचंय, मुहूर्त अकरा सत्तेचाळीसचा आहे. पण त्याच्या हातात पळी होती, आणि आवाजात ते होतं जे शाळेत इन्स्पेक्टरच्या आवाजात असतं. मी गेलो. बाजारातून दोन लाद्या भुशासकट गोणपाटात गुंडाळून आणल्या. पुढच्या गेटासमोरून जाताना शिट्टीवाल्याने मला बघितलं आणि मान डोलावली. 'मी म्हटलं नव्हतं?' अशी.

लाद्या उतरवत असतानाच लाऊडस्पीकरवर "शुभमंगल सावधान" झालं. हातात अक्षता नाहीत. आचाऱ्याच्या लक्षात आलं असावं, कारण काही न बोलता त्याने पोत्यातून चिमूटभर तांदूळ काढले आणि माझ्या ओल्या तळहातावर ठेवले. मी ते हॉलच्या भिंतीच्या दिशेने टाकले. दोन-चार हाताला चिकटून राहिले. झब्ब्याला भुसा लागला होता तो लागलाच.

पंगतीत दिन्या भेटला. घामाघूम, फेटा कानावर. "अरे, खय होतंस? फोटोक शोधत होतंय तुका." मी तोंड उघडलं, तोच तो म्हणाला, "बरा झाला गाडी हाडलंस. रुकवताचा सामान आणि कपाट चेडवाच्या सासरी पोचवूचा आसा. पुढे नवरा-नवरी त्या काळ्या गाडयेत, मागसून तू."

मागसून मी. कपाट बसलं. आडवं, पाय न दुमडता. आई आणि सौ. एसटीने घरी गेल्या. लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाही फोटोत नाही, पण विदाईच्या व्हिडिओत शेवटी साधारण तीन सेकंद एक पांढरी व्हॅन दिसते, ती माझी.

आणि आज सकाळी परत दिन्याचा फोन. आधी इकडचं तिकडचं, हवा, आंबा, मग जरा घसा खाकरून, "नाय, कार्यालयवाल्यांचो एक झारो कमी पडता. तुझ्या गाडयेत बघतंस? म्हणजे तुझ्यार कोण संशय घेणा नाय. पण मागल्या गेटीन गेलल्या सगळ्या गाडयेवाल्यांक इचारतंय."

झारा सीटखाली होता. तसाच, लांब दांड्याचा. त्यांचाच असणार, मी टोपांबरोबर आणलेला दिन्याच्या घरचा म्हणून उचलून घातला असणार. उद्या नेऊन द्यायचाय. गाडीने गेलो तर गेटावर ती शिट्टी, आणि या खेपेला डिकीत खरोखरच त्यांचा झारा. सौ. म्हणते, एसटीने जा. पण दांडा तीन फुटांचा आहे, पिशवीत मावत नाही, आणि भर गर्दीत कंडक्टरसमोर झारा उभा धरून मी बसू कुठे?