बूट बदलण्याआधी एक्सल जॉइंट का उघडायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: एक्सलच्या (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटवरचा बूट, म्हणजे ग्रीस धरून ठेवणारं रबरी आवरण, फाटला की नवा घाला, ग्रीस भरा, विषय संपला. वळताना कटकट येत नसेल तर जॉइंट उघडून बघणं म्हणजे गॅरेजवाल्याचं बिल फुगवणं.

आधी बिलाचंच बोलू. अखंड (न चिरलेला) बूट चढवायचा तर सहसा एक्सल बाहेर काढावा लागतो. हबचा (चाक बसतं त्या भागाचा) नट, सस्पेन्शनचा बॉल जॉइंट, गिअरबॉक्सचं तेल, सगळी मजुरी तिथेच जाते. त्यापुढे जॉइंट धुऊन बघायला फार तर अर्धा-पाऊण तास. न बघता बूट घातला आणि जॉइंट आधीच गेलेला असला, तर तीच मजुरी दुसऱ्यांदा. आणि उलटंही होतं: बूट फाटला म्हणून धडधाकट कंपनीचा जॉइंट फेकून बाजारातला स्वस्त एक्सल गळ्यात मारला जातो. ते टाळायलाही आत बघावंच लागतं.

कटकट हा उशिराचा पुरावा आहे. चाकाकडच्या (आउटर) जॉइंटमध्ये साधारणपणे सहा गोळ्या असतात. आवाज यायला गोळी आणि खोबण यांत किंवा केजच्या (गोळ्या धरून ठेवणाऱ्या कड्याच्या) खिडकीत बरीच मोकळीक पडावी लागते. खोबणीचा पृष्ठभाग त्याआधीच सोलायला लागलेला असतो. गिअरबॉक्सकडचा तीन रोलरचा (इनर) जॉइंट तर वळणावर सहसा बोलतच नाही. तो खराब झाला की जोर देताना गाडी थरथरते.

तुमचं एक मात्र मान्य. फाट ताजी असेल तर सगळं खोलायची गरज नाही. जुनं ग्रीस चिमटीत चोळून बघा. मॉलीचं (मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं) ग्रीस मुळातच काळं असतं, त्यामुळे रंगावर जाऊ नका. कण लागत नसतील, पाणी शिरून दुधाळ झालं नसेल, तर पुसून नवं भरा.

कचकच लागली तर जॉइंट रॉकेलने धुवा आणि पूर्ण वाळवा; राहिलेलं रॉकेल नवं ग्रीस पातळ करतं. केज, आतली रेस (खोबणींचं आतलं कडं) आणि बाहेरची वाटी यांवर मार्करने खुणा करा. मगच केज तिरकी करून एकेक गोळी काढा आणि जिथली तिथेच परत घाला. खोबणीत चकचकीत पट्टा दिसला तर घाबरू नका, ती नेहमीची घासण आहे. त्यावरून नख फिरवा. नख अडलं, खड्डे किंवा पापुद्रे दिसले, धातू निळसर पडला असेल, तर बूटावर पैसे घालू नका, जॉइंट बदला. काही गाड्यांत आउटर जॉइंट एक्सलच्या दांड्यावरून (शाफ्टवरून) निघतच नाही. तिथे बूट दुसऱ्या टोकाने चढवतात आणि जॉइंट धुऊन सगळ्या कोनांत फिरवून बघतात. कुठे अडखळला की गेला. इनर मात्र आत-बाहेर सरकतो, ती त्याची रचनाच आहे. त्याला ‘प्ले’ (ढिलाई) म्हणून कुणी नवा विकू लागलं तर घेऊ नका. त्याचे रोलर मोकळे फिरतात का, वाटीत खाचा पडल्यात का, एवढं बघा.

भरताना किटमधली पूर्ण पिशवी वापरा, निम्मं जॉइंटमध्ये, निम्मं बूटात. इनर-आउटरच्या पिशव्या वेगळ्या असतील तर अदलाबदल नको, आणि चासीचं साधं ग्रीस तर नकोच. क्लॅम्प आवळण्याआधी बूटाची कड आणि तिची खाच कोरडी पुसा, नाहीतर क्लॅम्प सरकतो. इनर बूटाच्या कडेखाली बोथट स्क्रूड्रायव्हर घालून कोंडलेली हवा काढा. सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी रिंग) नवी, हबचा नटही नवा, आणि तो मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच (दिलेल्या पिळाच्या जोराइतकाच) आवळायचा.