पानिपत संक्रांतीला झालंच नव्हतं

जानेवारी लागला की नाशिकमध्ये पतंगांच्या आधी एक मेसेज उडायला लागतो. "14 जानेवारी 1761, मकरसंक्रांतीच्या दिवशी पानिपतावर मराठ्यांची अख्खी पिढी कापली गेली. त्या दुःखाची खूण म्हणून आपण संक्रांतीला काळं नेसतो. सूर्यावर चालणारा सण असल्याने याची तारीख कधी बदलत नाही, आणि याच दिवशी उत्तरायण सुरू होतं." यातली लढाईची तारीख बरोबर आहे. बाकीचं बघू.

तारखेपासूनच सुरुवात करू, कारण सगळी इमारत तिच्यावर उभी आहे. संक्रांत ज्या वर्षमानाने मोजतात ते ऋतूंच्या, म्हणजे आपल्या कॅलेंडरच्या, वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठं. त्यामुळे साधारण 70 वर्षांत सण एक दिवस पुढे सरकतो. स्वामी विवेकानंद 12 जानेवारी 1863 ला जन्मले, तो संक्रांतीचा दिवस होता. 2024 मध्ये आपण तिळगूळ वाटला 15 तारखेला. हाच हिशेब मागे नेला तर 1761 ची संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे भाऊसाहेबांचं सैन्य अब्दालीवर चालून गेलं तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. 'तारीख कधी बदलत नाही' हेही इथेच निकालात निघालं.

आता काळ्या कपड्यांचं. आपल्याकडे सुतकात काळं नेसायची रीत कुठे आहे? उलट नव्या सुनेची पहिली संक्रांत बघा: काळी चंद्रकळा, तिच्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने, हळदीकुंकवाला आलेल्या बायका, वाण, फोटो. तान्ह्या बाळालाही काळं झबलं घालून बोरन्हाण करतात. दुखवटा असा कोणी पाळतं का? घरातल्या म्हाताऱ्या सांगतात ते कारण साधं आहे, काळं ऊब धरतं. निफाडकडे या दिवसांत द्राक्षबागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

पानिपताचं दुःख खोटं होतं असं मुळीच नाही. तिथे पडलेल्या विश्वासरावांच्या आईने, गोपिकाबाईंनी, अखेरची वर्षं इथेच, नाशिकजवळ गंगापूरला काढली. पण स्वतः पेशव्यांनाच ती बातमी काही दिवसांनी, माळव्यात असताना कळली; त्या संक्रांतीला इकडे दुखवटा असणार कुठून?

राहिलं उत्तरायण. सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला, दिवस तेव्हापासूनच मोठा होतो. साधारण 1700 वर्षांपूर्वी हे वळणं आणि संक्रांत दोन्ही एकाच वेळी घडत होतं, पुढे फारकत झाली. तरी मेसेज पटतो, त्याला एक गंमतीदार कारण आहे. नाशिकमध्ये सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत रोज थोडा थोडा उशिराच होत राहतो. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. रामकुंडावर पहाटे बुडी मारणाऱ्याला उजाडायला उशीरच होताना दिसतो, आणि येवल्यात गच्चीवर आसारी (मांजाची फिरकी) घेऊन उभ्या असलेल्या पोरांना मात्र पतंग काटायला दहा-पंधरा मिनिटं जास्तीची मिळालेली असतात.